वर्कफ्लोचा संग्रह अ‍ॅपच्या नावाने लावू नका

एन-एट-एन या कामं आपोआप करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या वर्कफ्लोंच्या (पायऱ्या जोडून लावलेल्या कामांच्या) तीनेकशे जेसन फाइली, म्हणजे ते वर्कफ्लो मजकुराच्या रूपात साठवलेल्या फाइली, जमल्यात, जीमेल, शीट्स, टेलिग्राम असे अ‍ॅपवार फोल्डर केलेत आणि तरी हवी ती फाइल मिळत नाही, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. हेच दुखणं आमच्याकडे होतं. मी औषधांच्या घाऊक धंद्यात आहे, प्रोग्रॅमर नाही, तेव्हा तुमच्या आवृत्तीत काही वेगळं असेल तर ते तपासून घ्या. एक्स्पोर्ट, टॅग वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

अ‍ॅपवार वर्गवारी मुळातच चुकीची, असं माझं ठाम मत आहे. आमचा उधारीची आठवण देणारा वर्कफ्लो शीट्समधून थकबाकी वाचतो, दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि आमच्या हिशेबनिसाला मेल टाकतो. मग तो ठेवायचा कुठे? आमचं काम बघणाऱ्या एजन्सीने तो तिन्ही फोल्डरांत ठेवला. पुढे मुदत ३० दिवसांवरून ४५ झाली तेव्हा त्यांनी चालू वर्कफ्लो आणि एक प्रत दुरुस्त केली, बाकी दोन तशाच राहिल्या.

खरं नुकसान नंतर झालं. अपडेटच्या वेळी त्यांनी अख्खा संग्रह कमांड लाइनने, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञेने, पुन्हा आत घेतला. फाइलीत वर्कफ्लोचा आयडी असतो, आणि त्या आयडीचा वर्कफ्लो आधीच असेल तर हा इम्पोर्ट काही न विचारता त्याच्यावर लिहितो. तिन्ही प्रतींचा आयडी एकच, त्यामुळे शेवटी आत गेलेली जुनी प्रत उरली. वर, असा इम्पोर्ट झालेला वर्कफ्लो बंद अवस्थेत येतो आणि आपण चालू करावा लागतो. तो कुणीच केला नाही. वर्कफ्लो चालताना चुकला की कळवणारा एरर ट्रिगर लावलेला होता, पण जे चाललंच नाही त्याची चूक तो कळवणार कशी? ऐन मार्चअखेरीला आठवणी जाणं थांबलं आणि वसुली तुंबल्यावर आम्हाला पत्ता लागला. एजन्सीचं उत्तर काय, तर ‘फाइली सगळ्या आहेत, मोजून घ्या’, आणि तक्रार बंद. फाइली किती हा प्रश्नच नव्हता, खरी कुठली हा होता. संग्रह लावायचे पैसे घ्यायचे आणि एवढंही सांगायचं नाही, याचा राग अजून जात नाही.

म्हणून एक वर्कफ्लो, एक फाइल, एकच जागा. जागा कामावरून ठरवा: विक्री, वसुली, साठा, जीएसटी, ऑफिसातलं. आठ-दहा कप्प्यांच्या वर जाऊ नका. नेटवरून उतरवलेले पण स्वतः न चालवलेले वर्कफ्लो वेगळ्या कप्प्यात टाका, ते तुमच्या संग्रहात धरूच नका.

कुठलं अ‍ॅप वापरलंय हे हाताने लिहीत बसू नका. प्रत्येक नोडचा, म्हणजे वर्कफ्लोतल्या एकेका पायरीचा, प्रकार जेसनमध्ये असतोच. छोट्या स्क्रिप्टने नाव, ट्रिगर (वर्कफ्लो कशाने सुरू होतो ते), अ‍ॅप आणि स्टिकी नोटमधला (वर्कफ्लोवर चिकटवलेल्या टिपेतला) मजकूर काढून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका टेबलात भरला की ‘शीट्स’ शोधल्यावर सगळ्या कप्प्यांतले मिळतात. नावं मात्र माणसानेच द्यायची. ‘माय वर्कफ्लो २’ कुणाला सापडणार? ‘थकबाकी ४५ दिवस, दुकानदाराला निरोप’ असं लिहा.

नावं मराठीत ठेवणार असाल तर एक सांगतो. एसक्यूलाइटमधल्या एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या सोयीचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग), युनिकोड६१, काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर धरत नाही, तिथे शब्द तोडतो. त्यामुळे ‘काम’ शोधलं की ‘किमी’ही येतं, कारण दोन्हींचे ‘क’ आणि ‘म’ एवढेच तुकडे उरतात. युनिकोड६१च्या कॅटेगरीज पर्यायात एमएन आणि एमसी हे काना-मात्रांसारख्या चिन्हांचे दोन वर्ग जोडा, म्हणजे शब्द अखंड राहतात.

आणि संग्रह कुणाला देण्याआधी फाइली उघडून बघा. क्रेडेन्शियलचं (एन-एट-एनमध्ये साठवलेल्या पासवर्ड-किल्लीचं) फक्त नाव आणि आयडी बाहेर जातो हे खरं, पण दुसऱ्या सेवेला विनंती पाठवणाऱ्या एचटीटीपी रिक्वेस्ट नोडच्या हेडरमध्ये कुणी टोकन, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, चिकटवलं असेल तर ते उघडं जातं. चाचणीसाठी पिन केलेला, म्हणजे वर्कफ्लोत धरून ठेवलेला, डेटाही फाइलीसोबत जातो. आमच्या फाइलींत दुकानदारांचे मोबाइल नंबर होते. असा डेटा आधी अनपिन करा, मगच एक्स्पोर्ट करा.