उकळत्या पाण्याचा नळ घ्यावा का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडात स्लाउला राहतो, सध्या किचनचं काम काढलंय. फिटर म्हणतोय आत्ताच उकळत्या पाण्याचा नळ बसवून घ्या, फिटिंगसकट बाराशे पाउंड. नवरा म्हणतो केटल चांगली चाललीये, नसता खर्च कशाला. मला मोह होतोय, कारण पुढच्या महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत आणि त्यांना दिवसभर गरम पाणी लागतं. मुलगा चार वर्षांचा आहे, त्याची भीती वाटते. आणि वीज वाचते म्हणतात ते खरंय का? (एक वाचक, स्लाउ)

उत्तर : ताई, वीज वाचेल म्हणून घेणार असाल तर राहू दे. हा नळ म्हणजे सिंकखाली बसवलेला विजेवरचा थर्मास, चोवीस तास चालू. क्वूकर या डच कंपनीच्या टाकीत पाणी दाबाखाली १०८ अंशांवर असतं आणि ते नुसतं तसं ठेवायलाच १० वॅट लागतात, म्हणजे दिवसाला पाव युनिट, युनिटला २५ पेन्स धरले तर वर्षाला वीस-बावीस पाउंड, तेही एक थेंब न वापरता. केटलमध्ये लिटरभर पाणी उकळायला ०.११ युनिट जातं, जेमतेम तीन पेन्स. एका कपासाठी दीड लिटर उकळायची सवय असेल तर नळ स्वस्त पडेल, पण ती सवय फुकटात मोडता येते की.

चहाला म्हणाल तर आपला चहा शेवटी पातेल्यातच उकळणार, त्यामुळे दोन-तीन मिनिटं वाचतील फार तर. खरी मजा भाकरीला आहे. परातीत ज्वारीचं पीठ, त्यात आधण ओतून उलथन्याने ढवळतोय आणि पाणी घोटभर कमी पडलं, हात पिठाने भरलेले, अशा वेळी परत केटल लावायचा किती कंटाळा येतो! इथे नळाखाली वाटी धरली की झालं. आमटी घट्ट झाली, पास्ता करायचाय, तुपाचं भांडं सुटत नाहीये, सगळ्याला उपयोगी. रोज भाकरी करत असाल तर माझं मत थोडं नळाकडे झुकतं, महिन्यातून एकदा करत असाल तर नाही.

सासूबाईंसाठी मात्र नको. त्यांना लागतं कोमट पाणी, त्यात गार मिसळावंच लागणार, शिवाय मनगटं दुखत असतील तर ती दाबून फिरवायची कळ त्रासाची. वीस पाउंडांचा चांगला फ्लास्क भरून ठेवा.

मुलाचं म्हणाल तर ती कळ बहुतेक दोनदा दाबून मग फिरवावी लागते, चुकून चालू होत नाही, आणि वायर ओढून केटल अंगावर घेण्याचा धोका जातो. तरी नळातून बाहेर येणारं पाणी शंभर अंशांचंच आहे, शोरूममध्ये त्यालाच कळ फिरवायला देऊन बघा (पाणी बंद करून!).

आता फिटर जे सांगत नाही ते. तुमच्याकडचं पाणी जड, केटलच्या तळाशी पांढरा थर बसलेला असेलच, तोच या टाकीत बसणार. काही मॉडेलना फिल्टर काडतूस ठरावीक काळाने बदलावं लागतं, काहींची टाकी उघडून क्षार काढावे लागतात. वर्षाचा हा खर्च किती ते आधी लेखी घ्या. ग्लासगोच्या मऊ पाण्यात ही कटकट फारशी नसते.

मी म्हणेन, नळ आत्ता घेऊ नका, पण सिंकखाली एक १३ अँपियरचा सॉकेट आणि गार पाण्याला एक जादा व्हॉल्व्ह आत्ताच करून घ्या, टाकीपुरती जागाही ठेवा. मग तोडफोडीची भीती उरत नाही, सासूबाई परत गेल्यावर निवांत ठरवा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळतो तो इन्स्टंट नळ वेगळा हं. त्यात टाकी नसते, ३ किलोवॅटची कॉइल वाहतं पाणी तापवते, मिनिटाला लिटर सोडलं तर जेमतेम ४३ अंशांनी. भांडी घासायला ठीक, आधणाला नाही. आणि तो ६ अँपियरच्या सॉकेटवर लावू नका, सॉकेट वितळतो. १६ अँपियरचा सॉकेट हवा आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासलेलं हवं.