दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनहून गार्डन रूटला (किनाऱ्याने जाणारा पर्यटन मार्ग) जाताना पेंग्विन रेस्क्यू सेंटर बघण्यासारखं आहे का, की केपटाऊनजवळचा पेंग्विनांचा बोल्डर्स बीच पुरे?

नक्की जा. तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत जाताय, मुलं सोबत आहेत आणि अर्धा दिवसच काढता येईल, तर तो अर्धा दिवस गान्सबाईजवळच्या क्लाइनबाईला द्या. तिथे आफ्रिकन पेंग्विन अँड सीबर्ड सँक्च्युअरी आहे, २०१५ मध्ये सुरू झालेली, समोरच्या डायर बेटावर काम करणारी संस्थाच ती चालवते. बोल्डर्सला पेंग्विन मस्त दिसतात, फोटो भारी येतात, पण या पक्ष्यांवर काय वेळ आलीय ते तिथे कळत नाही, ते इथे कळतं.

आम्ही दुपारच्या फीडिंगला पोचलो होतो. पक्षी आत, आपण काचेच्या अलीकडे. एक मुलगी जाड हातमोजा घालून बसलेली, पेंग्विनला दोन गुडघ्यांत धरायची, चोच उघडून सार्डिन आत सरकवायची, तेही डोक्याकडून, म्हणजे माशाचे पर घशात उलटे अडकत नाहीत. दुसरी पंखावरच्या पट्टीचा नंबर बघून कोणी किती मासे खाल्ले ते लिहून घेत होती. चोचीला धार असते हो, त्या मुलीच्या हातावर जुने-नवे ओरखडे स्पष्ट दिसत होते. मग सगळ्यांना तलावात सोडलं आणि बाहेर आल्यावर एकेकाचं पोट तपासलं. पाणी थेंब होऊन ओघळलं तर ठीक, पिसं भिजून चिकटली तर तो अजून समुद्रात जायला तयार नाही, कारण पिसांतून पाणी आत शिरलं की पक्षी थंडीनेच मरतो.

तेलाने माखलेल्या पक्ष्यांचंही हेच होतं, वर चोचीने पिसं साफ करताना ते तेल पोटात जातं ते वेगळंच. जून २००० मध्ये ट्रेझर नावाचं जहाज केपटाऊनजवळ बुडालं तेव्हा सुमारे १९ हजार पेंग्विन तेलात सापडले. जे अजून माखले नव्हते असे जवळपास तेवढेच पक्षी उचलून ट्रकने पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले, ते पोहत परत येईपर्यंत इकडे तेल साफ करून घेतलं! हजारो स्वयंसेवक राबले आणि माखलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त पक्षी वाचले. हे काम मुख्यतः सॅनकॉब या संस्थेने उभं केलं, १९६८ पासूनची संस्था आहे, त्यांचं सेंटर केपटाऊनमध्येच टेबल व्ह्यूला आहे, गान्सबाई जमत नसेल तर ते बघा.

पण आता खरी मारामारी खाण्याची आहे. सार्डिन आणि अँकोव्ही हे छोटे मासे हेच यांचं जेवण, आणि तेच मासे पर्ससीन जाळ्यांनी, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी, उपसले जातात. कोकणात पर्ससीनवरून चाललेली भांडणं ज्यांनी बघितलीत त्यांना जास्त सांगायला नको. डायर बेटावर १९७० च्या दशकात २० हजारांहून जास्त जोड्या होत्या, आता हजाराच्या आसपास. शिवाय बेटांवरचा पक्ष्यांच्या विष्ठेचा जाड थर खतासाठी खरवडून नेला, त्यात बीळ करून हे अंडी घालायचे, आता उघड्यावर घालतात आणि उन्हात सापडतात, म्हणून माणसं त्यांच्यासाठी घरटी बनवून ठेवतायत. ऑक्टोबर २०२४ पासून हा पक्षी क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष व्हायच्या अगदी काठावरच्या, यादीत आहे, जगात १० हजारही जोड्या उरलेल्या नाहीत. एक चांगली गोष्ट म्हणजे सॅनकॉब आणि बर्डलाइफ साउथ आफ्रिका ही पक्षीसंरक्षण संस्था कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये सहा वसाहतींभोवती हे मासे पकडायला १० वर्षांची बंदी मिळाली. वाचून खरंच बरं वाटलं.

मुलांना आधीच सांगून ठेवा की हात लावायला, मांडीवर घ्यायला मिळणार नाही. आणि जिथे तसं मिळतं, सेल्फीसाठी घुबड नाहीतर ससाणा हातावर देतात, तिथे स्वतःहून जाऊ नका, बोर्डवर रेस्क्यू लिहिलेलं असलं तरी. ज्या पक्ष्याला परत सोडायचंय त्याला माणसाची सवय लावून कसं चालेल?

दिवाळीचा काळ तसा चांगला आहे, कारण साधारण ऑक्टोबरपासून सेंटरमध्ये पिल्लं यायला लागतात. मोठ्यांची पिसं झडायची वेळ आली की सुमारे तीन आठवडे ते पाण्यात जाऊ शकत नाहीत, मग उशिरा झालेली पिल्लं उपाशी पडतात, ती उचलून आणून हाताने वाढवतात.

रस्ता म्हणाल तर एन २ महामार्गाने थेट पळू नका. गॉर्डन्स बे, तिथून समुद्राला चिकटून जाणारा आर ४४, वाटेत बेटीज बेला स्टोनी पॉइंटची पेंग्विन वसाहत (बोल्डर्सपेक्षा गर्दी खूप कमी), मग हर्मानसला देवमासे, नोव्हेंबरपर्यंत दिसतात, आणि मग गान्सबाई. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते. निघायच्या आदल्या दिवशी सेंटरला फोन करून फीडिंगची वेळ विचारा, बर्ड फ्लूची साथ असली तर पाहुण्यांना आत घेत नाहीत, तेही तेव्हाच कळेल.