वकीलपत्र नसलेली वकिली

प्रश्न : माझी मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. मानवाधिकारांच्या क्षेत्रात वकिली करण्याचे तिच्या मनात आहे. त्यासाठी वेगळी पदवी लागते का? आणि त्यावर पोट भरते का?

उत्तर : वेगळी पदवी लागत नाही. कायद्याची पदवी, राज्याच्या बार कौन्सिलची सनद (वकिलीचा परवाना) आणि अखिल भारतीय बार परीक्षा, ही वाट तिलाही इतरांसारखीच चालावी लागेल. ‘मानवाधिकार वकील’ असे सनदेवर कुठेही लिहिलेले नसते. हाती घेतलेल्या प्रकरणांवरून ती ओळख मागाहून मिळते.

सर्वोच्च न्यायालयातील वकील कपिला हिंगोरानी यांचे उदाहरण तिने जरूर अभ्यासावे. १९७९च्या जानेवारीत बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयीचे लेख वृत्तपत्रात आले. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ काही जण खटला न चालताच तुरुंगात होते. हिंगोरानींकडे यांपैकी कोणाचेही वकीलपत्र (बाजू मांडण्याचा लेखी अधिकार) नव्हते, तरीही त्या लेखांच्या आधारे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे कैदेतील व्यक्तीला न्यायालयापुढे आणून तिची कैद कायदेशीर आहे का हे तपासण्याची, याचिका दाखल केली. तीच ‘हुसैनारा खातून’ प्रकरण म्हणून प्रसिद्ध झाली आणि खटला लवकर चालणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधील, जीवित व वैयक्तिक स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. या निकालांची चर्चा नेहमी तत्त्वांच्या अंगाने होते. मला मात्र त्यातला तपशील मोलाचा वाटतो. कोणता कैदी कोणत्या तारखेपासून, कोणत्या कलमाखाली आत आहे, हे कागदावर मांडल्याशिवाय न्यायालय हलत नाही.

दुसरे उदाहरण बिहारमधील कैदी रुदुल साह यांचे. त्यांना १९६८मध्ये निर्दोष ठरवल्यानंतरही १४ वर्षे तुरुंगात डांबून ठेवले होते. १९८३मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने, आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आज ही रक्कम तुटपुंजी वाटेल, पण मूलभूत हक्काच्या भंगासाठी वेगळा दिवाणी दावा न लावता रिट याचिकेतच (मूलभूत हक्कांसाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या याचिकेत) भरपाई मिळू शकते, हे तिथे प्रस्थापित झाले.

उरला पोटाचा प्रश्न. केवळ अशा प्रकरणांवर घर चालवणारे वकील थोडे. बहुतेक जण इतर दावेही चालवतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मुलीने सुरुवातीची काही वर्षे फौजदारी काम करणाऱ्या ज्येष्ठ वकिलाकडे काढावीत. पुढे अनुभव जमला की गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करता येईल. तिथले मानधन बेताचे असते, परंतु ज्यांना वकील परवडत नाही असे कच्चे कैदी तिला तिथेच भेटतील.