लिरिसिझम म्हणजे नेमकं काय? तो फक्त कवितेतच असतो का?

नाही, गद्यात असतो, चित्रातही असतो. आणि चंद्र, प्राजक्त, हुरहूर असे शब्द पेरले की तो आपोआप उगवतो, असंही नाही. हे आधीच सांगतो, कारण पुस्तक-परीक्षणांत 'काव्यात्म' हा शब्द बहुतेक वेळा 'गोडगोड' याच अर्थाने भेटतो.

शब्दाचं मूळ ग्रीक. 'लायरा' या तंतुवाद्याच्या साथीने गायची ती लिरिक कविता. इ.स.पूर्व ६००च्या सुमारास सॅफो ही ग्रीक कवयित्री अशा रचना करत होती. पुढे वाद्य सुटलं, गाण्याचा गुण तेवढा मागे राहिला. मराठीत त्याला गीतात्मकता म्हणतात, भावगेयताही म्हणतात. मला दुसरा शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात भाव आधी येतो.

आता ही दोन वाक्यं बघा, माझीच आहेत.

'वडील गेल्यावर त्यांची सायकल वर्षभर जिन्याखाली पडून होती.'

'पावसाळा गेला, हिवाळा गेला, सायकल जिन्याखालीच होती. हवा तेवढी गेली.'

पहिल्यात माहिती पुरी आहे. दुसऱ्यात वडिलांचं नावसुद्धा नाही, पण 'गेला, गेला, गेली' या क्रियापदातून तेच ऐकू येतात. उपमा नाही, यमक नाही. फक्त एक शब्द फिरून फिरून येतो, आणि शेवटचं वाक्य तोकडं पडतं, दम संपल्यासारखं. सांगायचं काय हे घटना ठरवते. पण कुठे थांबायचं, कुठला शब्द पुन्हा घ्यायचा, हे भावना ठरवायला लागली की लिरिसिझम आला म्हणा.

चित्रात हेच काम रेषा करते. रशियन चित्रकार कांडिन्स्कीचं १९११चं एक चित्र आहे, नावच 'लिरिकल'. मोजक्या काळ्या रेषांत धावता घोडा आणि स्वार. घोड्याचं शरीर जवळजवळ नाहीच, वेग मात्र पुरता आहे. ऑपेरात तर सोप्रानोची, म्हणजे गायिकांच्या सर्वांत उंच पट्टीच्या आवाजाची, 'लिरिक सोप्रानो' आणि 'ड्रामॅटिक सोप्रानो' अशी वर्गवारीच आहे. दुसरा जास्त भारदस्त, वाद्यवृंदावर मात करणारा.

वापरायचा कुठे? जिथे कथा क्षणभर थांबली तरी चालेल तिथे. पानोपानी वापरलात तर वाचक न वाचताच पानं उलटतो. सायकलीच्या त्या वाक्यात मीही आधी 'गंजलेली, एकाकी' असं लिहिलं होतं. मोठ्याने वाचलं, लाज वाटली, दोन्ही शब्द खोडले.