भोसरीत उणे ४५ची प्लेट कशाला?

प्रश्न : आदरणीय मॅडम, भोसरी एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. वीस वर्षं पाण्याच्या आणि हवेच्या टाक्या बनवतोय. आता पहिल्यांदाच प्रोपेन चिलरचं काम आलंय, केटल टाइप एक्स्चेंजर, म्हणजे उष्णतेची देवघेव करणारं भांडं. शेलला, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाला, २५ मिमीची एसए-५१६ ग्रेड ७० कार्बन स्टीलची प्लेट. ड्रॉइंगवर लिहिलंय, ‘नॉर्मलाइज्ड, चार्पी उणे ४५ अंशांना’, म्हणजे उष्णता-उपचार केलेली आणि उणे ४५ला आघात चाचणी घेतलेली. याच ग्रेडची, याच जाडीची प्लेट माझ्याकडे सर्टिफिकेटसकट पडून आहे. ताणशक्ती, केमिस्ट्री सगळं बसतंय, फक्त ती ‘अ‍ॅज रोल्ड’ आहे, म्हणजे रोलिंगनंतर तशीच ठेवलेली. आपल्याकडे उणे ४५ कधी होतं? ही प्लेट लावली तर काय बिघडेल?

उत्तर : प्लेट चांगली आहे, हवेच्या टाकीला खुशाल वापरा. या शेलला मात्र लावू नका.

उणे ४५ हा भोसरीच्या हवेचा आकडा नाही, प्रोपेनचा आहे. वातावरणाच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं. चिलरमध्ये ते उकळतं म्हणूनच थंडावा मिळतो. कधी दाब एकदम उतरला, एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर आतलं द्रव उकळत उकळत स्वतःच गार होत जातं आणि शेलची प्लेटही त्याच्याबरोबर गार होते. बाहेर मे महिना असला तरी.

कार्बन स्टील गार झालं की त्याची ताणशक्ती कमी होत नाही, उलट थोडी वाढते. कमी होतो तो चिवटपणा. गरम असताना हेच पोलाद आधी वाकतं, ताणलं जातं, मग फाटतं. गार झाल्यावर वेल्डमधल्या बारीकशा चिरेपासून तडा सुरू होतो आणि काचेसारखा धावत जातो. सर्टिफिकेटवरची ताणशक्ती कितीही उत्तम असली, तरी याबद्दल ती काहीच सांगत नाही.

मी ३१ वर्षं टेस्टिंग लॅबमध्ये आणि इन्स्पेक्शनमध्ये काढली. चार्पीचा नमुना म्हणजे १० बाय १० मिमी, ५५ मिमी लांब तुकडा, मधोमध २ मिमी खोल व्ही खाच. अल्कोहोल आणि कोरड्या बर्फाच्या बाथमध्ये तो पूर्ण गार करायचा आणि बाहेर काढल्यापासून ५ सेकंदांच्या आत हातोड्याखाली तोडायचा. पण माझं लक्ष किती ज्यूल ऊर्जा लागली हे दाखवणाऱ्या काट्यापेक्षा तुकड्यांकडे जास्त असायचं. चिवट नमुना तुटतो तो करडा, मळकट, तंतुमय, कडा बाहेर ओढल्यासारख्या. ठिसूळ नमुन्याची तुटलेली बाजू सपाट असते आणि दिव्याखाली खडीसाखरेसारखी चमकते. तुमच्या प्लेटचा एक तुकडा उणे ४५ला तोडून घ्या आणि ती बाजू स्वतः बघा. माझ्या पत्रापेक्षा तो तुकडा तुम्हाला जास्त पटवेल.

आता आकडे. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या प्रेशर व्हेसल कोडमध्ये (सेक्शन ८ डिव्हिजन १) यूसीएस-६६ नावाचा आलेख आहे. कोणतं स्टील, किती जाडीला, किती अंशांपर्यंत चार्पीशिवाय चालतं ते त्यावर दिसतं. तुमची अ‍ॅज रोल्ड प्लेट येते बी वक्रावर. तिथे २५ मिमीला साधारण शून्यापाशीच थांबावं लागतं. हीच प्लेट नॉर्मलाइज केली, म्हणजे सुमारे ९०० अंशांना तापवून मोकळ्या हवेत गार होऊ दिली, की तिचा आतला कण बारीक होतो, चिवटपणा वाढतो आणि ती डी वक्रावर जाते. तिथे २५ मिमीला उणे ३५च्या आसपास मुभा आहे. म्हणजे उणे ४५साठी नुसतं नॉर्मलायझिंगही पुरत नाही, चार्पी घ्यावीच लागते. तुमच्या गिऱ्हाइकाने एकही शब्द जास्तीचा लिहिलेला नाही.

फसगत होते ती पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये. या ग्रेडमध्ये ४० मिमीच्या वरच्या प्लेटलाच नॉर्मलायझिंग सक्तीचं आहे. त्याखाली तुम्ही मागितलं नाहीत तर मिल अ‍ॅज रोल्ड देते, आणि त्यात तिची काही चूक नसते. म्हणून पीओवर ‘नॉर्मलाइज्ड’ हा शब्द, चार्पीचं तापमान आणि किती ज्यूल हवेत हे स्वच्छ लिहा.

आणि प्लेट आली म्हणजे काम झालं असं नाही, वेल्डही तितकाच चिवट हवा. साध्या ई ७०१८ वेल्डिंग रॉडची चार्पी उणे २९ला घेतलेली असते, ई ७०१८-१ ची उणे ४६ला. पीक्यूआरमध्ये, म्हणजे वेल्डिंग पद्धतीच्या चाचणी-नोंदीत, वेल्ड आणि त्याच्या शेजारचा तापलेला पट्टा, दोन्हींची चार्पी त्याच तापमानाला काढा. वेल्डचे जाड थर (रनर) मारून काम लवकर उरकायची वेल्डरला सवय असेल, तर या कामात त्याला थांबवा. जास्त उष्णतेने त्या पट्ट्यातला कण पुन्हा मोठा होतो.

एक अनुभव सांगते. एका कारखान्यातून आलेल्या प्लेटचं सर्टिफिकेट निर्दोष होतं. आमच्याकडे तीन नमुने तुटले अवघ्या १२, ९ आणि १५ ज्यूलला. मायक्रोस्कोपखाली कण मोठाले, नॉर्मलायझिंगचा मागमूस नाही. शोध घेतला तेव्हा कळलं, की गॅस कटिंग करताना हीट नंबर, म्हणजे प्लेट पोलादाच्या कोणत्या वितळीची ते सांगणारा आकडा, उरलेल्या तुकड्यावर उतरवलाच नव्हता. नंतर कोणीतरी अंदाजाने पंच मारला. तीन शेल कोर्स, म्हणजे शेलचे गोल भाग, कापून काढावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगत आले आहे : आधी पंच, मग टॉर्च.

प्रश्न : मॅडम, मी सांगलीला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हायड्रो टेस्टला, म्हणजे व्हेसलमध्ये (दाबाच्या भांड्यात) पाणी भरून घेतलेल्या चाचणीला, डिझाइनच्या १.३ पट दाब देतात. त्यात व्हेसल पास झालं, तर चार्पी कशासाठी?

उत्तर : प्रश्न आवडला. हायड्रो किती अंशांच्या पाण्याने करतात ते बघ. सांगलीत २५-३० अंश. किमान डिझाइन तापमानापेक्षा धातू निदान १७ अंश गरम असावा अशी कोडचीच शिफारस आहे, म्हणजे टेस्ट करतानाच व्हेसल तडकू नये. त्यामुळे हायड्रोने कळतं ते गरम पोलादाचं. गार पोलादाबद्दल तिथे काहीच तपासलं जात नाही.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्डला एस्सोचा गॅस प्लांट आहे. २५ सप्टेंबर १९९८ला तिथे गरम तेलाचे पंप काही तास बंद पडले. जीपी ९०५ हा एरवी गरम चालणारा एक्स्चेंजर गार होत उणे ४८ अंशांपर्यंत गेला. बाहेरच्या बाजूला बर्फ धरलं. मग पंप सुरू झाले आणि त्या गोठलेल्या धातूत सुमारे २३० अंशांचं तेल शिरलं. एक्स्चेंजर ठिसूळपणे फुटला, आग लागली. २ कामगार गेले, ८ जखमी झाले, राज्याचा गॅसपुरवठा सुमारे दोन आठवडे बंद होता. तो एक्स्चेंजर वर्षानुवर्षं दाबाखाली बिनतक्रार चालला होता. इतका गार असताना मात्र त्याला कधीच जोखलं गेलं नव्हतं.

औद्योगिक भेटीला जाशील तेव्हा व्हेसलच्या नेमप्लेटवर ‘एमडीएमटी’, म्हणजे किमान डिझाइन तापमान, शोध. शेजारी किमान तापमान आणि त्यासोबतचा दाब दिसेल. मग तिथल्या ऑपरेटरला विचार : पंप बंद पडला, तर हे भांडं किती गार होतं?