लंडनला पाठवलेले घरसामान फॉरवर्डरने अडवले आहे. जादा पैसे भरावेत का?

प्रश्न: माझी मुलगी नोकरीनिमित्त लंडनला गेली. तिच्या मुलुंडच्या घरातले सागवानी कपाट, जेवणाचे टेबल, पुस्तके, भांडी असे सामान मी इथल्या एका फ्रेट फॉरवर्डरमार्फत (माल परदेशी पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या फर्ममार्फत) समुद्रमार्गे पाठवले. त्यांच्या माणसाने घरी येऊन मोजमाप घेतले, 6 सीबीएम (घनमीटर) सांगितले आणि 2,28,000 रुपयांचे डोअर-टू-डोअर कोटेशन दिले. सगळी रक्कम मी आगाऊ भरली. विम्याचे 9,000 वेगळे दिले, पण पॉलिसी हातात आलेली नाही. जहाज न्हावा शेव्याहून सुटल्यावर फोन आला की माल 9.1 सीबीएम भरला. आता वाढीव मालाचे 1,17,800 आणि ‘होल्डिंग चार्ज’ म्हणून 45,000 भरल्याशिवाय लंडनमध्ये सामान सुटणार नाही म्हणतात. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल वाहतुकीसाठी घेतल्याचा दस्तऐवज, मागितले तर टाळाटाळ करतात. सामान तिथल्या गोदामात पडून आहे आणि भाडे रोज चढते आहे. पैसे भरावेत की कोर्टात जावे? (एक वाचक, मुलुंड पूर्व)

उत्तर: कोर्टात जाता येईल, पण आधी सामान सोडवा. त्यासाठी काही रक्कम भरावी लागली तर भरा. मात्र कोणाला भरायची आणि भरताना काय लिहायचे यावर ती परत मिळणार की नाही हे ठरेल.

तुमचा माल नेमका कोणाच्या ताब्यात आहे, हे सर्वांत आधी शोधा. सुट्या घरसामानाला पूर्ण कंटेनर लागत नाही. फॉरवर्डर ते एखाद्या कन्सॉलिडेटरला देतो, कन्सॉलिडेटर अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरून शिपिंग लाइनकडे सोपवतो. शिपिंग लाइन कन्सॉलिडेटरला मास्टर बिल ऑफ लेडिंग देते आणि कन्सॉलिडेटर तुमच्या मालापुरते हाऊस बिल ऑफ लेडिंग काढतो. लंडनचे गोदाम बहुधा या कन्सॉलिडेटरच्या तिथल्या एजंटचे असते. अशा तंट्यांत पुष्कळदा असे निघते की ग्राहकाने पूर्ण पैसे दिले, पण फॉरवर्डरने ते पुढे कन्सॉलिडेटरला दिलेच नाहीत. मग ‘सीबीएम वाढले’ हे निमित्त असते आणि तुम्ही फॉरवर्डरला आणखी पैसे दिले तरी माल जागचा हलत नाही.

म्हणून आजच ईमेलने हाऊस बिल ऑफ लेडिंगची प्रत, कंटेनर नंबर, शिपिंग बिलाची (निर्यातीसाठी कस्टम्सला दिलेल्या कागदाची) प्रत, नगवार मोजमापाची पॅकिंग लिस्ट आणि लंडनच्या एजंटचे नाव मागा. उत्तरासाठी 48 तास द्या. बिल ऑफ लेडिंग देणे ही फॉरवर्डरची मेहेरबानी नव्हे. भारतातून परदेशात, एकाहून अधिक प्रकारच्या वाहनांनी, एकाच कराराखाली जाणाऱ्या मालाला मल्टिमोडल ट्रान्सपोर्टेशन ऑफ गुड्स ॲक्ट, 1993 लागू होतो. मुलुंडहून ट्रकने न्हावा शेवा, तिथून जहाज आणि पुढे लंडनच्या दारापर्यंत पुन्हा ट्रक, असा तुमचा करार त्यात सरळ बसतो. माल ताब्यात घेतला की वाहतुकीचा दस्तऐवज देणे या कायद्याच्या कलम 7 नुसार बंधनकारक आहे. हा धंदा करायला कलम 3 प्रमाणे नोंदणी लागते आणि ती मुंबईतल्या डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगच्या कार्यालयात होते. नोंदणी क्रमांकही त्याच ईमेलमध्ये विचारा. क्रमांक न देणाऱ्याची तक्रार तिथे करता येते.

मुलीने त्याच वेळी लंडनच्या एजंटला लेखी विचारावे: हाऊस बिलावर कन्साइनी (माल घेणारी व्यक्ती) म्हणून माझे नाव आहे का, माल कोणाच्या सांगण्यावरून अडवला आहे, मुंबईहून येणे बाकी आहे का, तुमच्याकडे मोजलेले सीबीएम किती, आणि आजपर्यंतचे गोदामभाडे किती? या पाच प्रश्नांच्या उत्तरांत निम्मा खटला असतो.

आता मोजमापाकडे. फॉरवर्डरचे म्हणणे सरसकट खोटे धरू नका. घरी मोजतात ते उघडे सामान आणि भाडे लागते ते पॅक केलेल्या नगाला. 1.9 × 1.2 × 0.6 मीटरचे कपाट 1.37 सीबीएम भरते. प्रत्येक बाजूला साडेसात सेंटीमीटर फोम आणि लाकडी क्रेट चढली की तेच 2.05 × 1.35 × 0.75, म्हणजे 2.08 सीबीएम होते. एका नगात दीडपट वाढ! पुस्तकांच्या खोक्यांत मात्र अशी वाढ होत नाही, त्यांचे बाहेरचे माप जवळपास ठरलेले असते. म्हणून 6 चे 7 किंवा साडेसात झाले तर ते पटण्यासारखे आहे. 9.1 साठी प्रत्येक नगाची लांबी, रुंदी, उंची दाखवावी लागेल. पॅकिंगच्या दिवशी घेतलेले फोटो असतील तर ते मूळ फाइलसह जपून ठेवा. दरवाजा किंवा फरशी शेजारी दिसत असेल तर त्यावरूनही नगाचा आकार काढता येतो.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या तळाशी ‘अंतिम व्हॉल्यूम प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे’ अशी ओळ आहे. ती तुमच्या विरुद्ध जाते, हे आधीच सांगतो. पण त्याच कोटेशनमध्ये समुद्रभाडे आणि हाताळणी 21,000 रुपये प्रति सीबीएम, म्हणजे 6 सीबीएमचे 1,26,000, आणि पॅकिंग 38,000, कागदपत्रे व कस्टम्स 24,000, लंडनमधली घरपोच डिलिव्हरी 40,000 ठोक, अशी फोडही आहे. फॉरवर्डरने एकूण 2,28,000 ला सहाने भागून 38,000 चा दर काढला आणि 3.1 ने गुणला. ठरलेल्या ठोक रकमा सीबीएमबरोबर वाढत नाहीत. समजा खरे माप 7.4 निघाले, तर वाजवी वाढ 1.4 × 21,000, म्हणजे 29,400 रुपये होते. 9.1 खरे ठरले तरी 65,100 च्या वर एक रुपया मागता येत नाही. ‘होल्डिंग चार्ज’ तर कोटेशनमध्ये कुठेच नाही.

माल अडवून ठेवण्याच्या हक्काला, म्हणजे लियनला, कायद्यात हीच मर्यादा आहे. 1993 च्या कायद्याचे कलम 22 हा हक्क देते तो करारात ठरलेला मोबदला थकला असेल तेवढ्यापुरताच. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 171 मध्ये इतर कोणत्याही येण्यापोटी माल रोखण्याचा सर्वसाधारण हक्क बँकर, फॅक्टर (दुसऱ्याचा माल ताब्यात घेऊन विकणारा दलाल), धक्क्याचे मालक अशा मोजक्यांना आहे. बाकीच्यांना तसा स्पष्ट करार लागतो. ठरलेले सर्व पैसे मिळाल्यावर मनाने लावलेल्या रकमेसाठी घरसामान अडवणे या चौकटीत बसत नाही.

तरीही पैसे भरा म्हणतो, कारण हिशेब तसा आहे. ग्राहक आयोगाकडून सामान सोडण्याचा अंतरिम आदेश ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(8) खाली मागता येतो, पण अर्ज दाखल होऊन सुनावणीला येईपर्यंत लंडनचे गोदामभाडे तंट्याच्या रकमेपुढे जाऊ शकते. शिवाय आपला आदेश तिथल्या गोदामवाल्यावर थेट चालत नाही. करार कायद्याचे कलम 72 अशाच माणसासाठी आहे: दबावाखाली दिलेला पैसा घेणाऱ्याने परत केलाच पाहिजे. त्या कलमाखालचे उदाहरण तुमच्या प्रकरणाशी हुबेहूब जुळते. रेल्वे कंपनी बेकायदा आकार भरल्याशिवाय माल देत नाही, मालक माल सोडवण्यासाठी तो भरतो, आणि जेवढा आकार बेकायदा जास्त होता तेवढा त्याला वसूल करता येतो.

भरण्याची रीत काटेकोर ठेवा. आधी 29,400 किंवा मोजमापाप्रमाणे येईल ती रक्कम बिनतक्रार देऊ करा. त्याने तुमची बाजू प्रामाणिक दिसते. ते ऐकले नाही तर पैसे पाठवण्याच्या आधी ईमेल करा: ‘ही रक्कम मला मान्य नाही. माझे सामान अडवून ठेवल्यामुळे, केवळ ते सोडवण्यासाठी, अंडर प्रोटेस्ट (हरकत नोंदवून) भरत आहे. परतावा, व्याज आणि नुकसानभरपाईचे माझे सर्व हक्क राखून ठेवत आहे.’ मग एनईएफटी किंवा आरटीजीएसने, फक्त फर्मच्या खात्यात भरा आणि शेऱ्यात ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहा. रोख नाही, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. जीएसटी क्रमांकासह पक्के बिल घ्या. ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ छापलेल्या कागदावर सही करू नका. करावीच लागली तर सहीशेजारी तोच शेरा हाताने लिहून फोटो काढा.

एजंटच्या उत्तरातून कळले की कन्सॉलिडेटरची रक्कमच थकली आहे, तर फॉरवर्डरला काही देऊ नका. कन्सॉलिडेटरकडून लेखी घ्या की अमुक रक्कम मिळताच माल सुटेल, ती त्यालाच भरा आणि फॉरवर्डरकडून वसूल करा. अशा वेळी प्रकरण फौजदारीही होते. वाहतूकदाराने विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(3) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसत्या सीबीएमच्या वादावर मात्र पोलीस ठाण्यात जाऊ नका. तिथे ‘दिवाणी बाब’ असा शेरा पडला की समोरचा तोच कागद पुढे नाचवतो.

विम्याचे 9,000 ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. फॉरवर्डर स्वतः विमा कंपनी नसतो. तुमच्या नावाचे मरीन पॉलिसीचे सर्टिफिकेट, पॉलिसी क्रमांक आणि तारीख मागा. कंपनीकडे हप्ता पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, त्यामुळे पैसे त्याच्या खिशात राहिले असतील तर तुमचे सामान विम्याशिवाय समुद्र ओलांडून गेले आहे. अशा वेळी भरपाई फॉरवर्डरकडूनच मागायची, पण तिला मर्यादा असते. मूल्य जाहीर केले नसेल तर 1993 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नगाला 666.67 एसडीआर किंवा किलोला 2 एसडीआर, यांतले जे जास्त ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे, त्याचा दर रोज जाहीर होतो. 140 किलोच्या कपाटाला वजनाने 280 एसडीआर होतात, म्हणून नगाचा आकडा लागू होईल. यासाठीच हाऊस बिलावर नगांची संख्या, उदाहरणार्थ ‘27 नग’, अशी स्पष्ट असायला हवी. तिथे नुसते ‘घरसामान, 1 लॉट’ लिहिले असेल तर सगळा ढीग एकच नग असल्याचा बचाव पुढे येतो.

सामान दारात येईल तेव्हा मुलीने घाईने सही करू नये. क्रेट फुटलेली, खोके भिजलेले, नग कमी, जे दिसेल ते डिलिव्हरीच्या पावतीवर नगाच्या क्रमांकासह लिहावे. आतले नुकसान उघडल्यावरच कळते; त्यासाठी सहा दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते आणि हे दिवस सुट्ट्यांसह मोजतात. नोटीस दिली नाही तर माल धड पोचल्याचे गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

परताव्याची तक्रार मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात, वांद्रे पूर्वेला होईल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते, त्यामुळे कोटेशनवर दुसऱ्या शहराच्या कोर्टाचे नाव छापलेले असले तरी घाबरू नका. लवादाचे कलम असले तरी आयोगाचा मार्ग बंद होत नाही. एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ते स्पष्ट केले आहे. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. काही फर्म तेवढ्यावरच बोलायला येतात. व्हॉट्सॲपचे संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडा. नुसते स्क्रीनशॉट दिले तर समोरचा वकील पहिला हल्ला त्यांवरच करतो.

मुदतीत फसू नका. ग्राहक कायद्यात दोन वर्षे आहेत, पण 1993 च्या कायद्याच्या कलम 24 खाली दावा डिलिव्हरीपासून नऊ महिन्यांत आणावा लागतो. कोणती मुदत लागू, या वादात पडण्यापेक्षा नऊ महिन्यांच्या आत तक्रार दाखल करा.

एक गोष्ट मुलीला आजच विचारा. वापरलेले घरसामान करमुक्त आणण्यासाठी तिने ब्रिटनच्या एचएमआरसीकडे (तिथल्या कर व कस्टम्स खात्याकडे) ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ सवलतीचा अर्ज करून नंबर घेतला आहे का? घेतला नसेल तर कस्टम्सकडे माल थांबण्याचे ते स्वतंत्र कारण आहे आणि तेवढ्या दिवसांचे भाडे फॉरवर्डरच्या माथी मारता येणार नाही. तिचा अर्ज आणि मंजुरी यांच्या तारखा मला कळवा. फॉरवर्डरच्या अडवणुकीचे दिवस त्यापासून वेगळे काढूनच नोटिशीत रक्कम घालावी लागेल.