एका ‘च’ची गोष्ट

“मॅडम, ॲकेडेमियात राहू की इंडस्ट्रीत जाऊ?”

माझं समुपदेशनाचं क्लिनिक पुण्यात औंधला, पाषाणच्या प्रयोगशाळांपासून फार लांब नाही. त्यामुळे हा प्रश्न वर्षातून सात-आठदा तरी कानावर येतो. विचारणारे तिशीच्या आसपासचे, पीएचडीच्या शेवटाला टेकलेले. हातात मधोमध रेघ मारलेला कागद असतो, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. तो कागद मी आधी पिशवीत ठेवायला सांगते. रेघ मारून सुटण्यासारखं असतं, तर इतकी हुशार मुलं माझ्यापर्यंत आलीच नसती.

गेल्या वर्षी आलेला एक मुलगा (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) सांगलीकडचा, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा. वय ३१. वडील एसटीत कंडक्टर होते. फेलोशिपची पाच वर्षं संपून सात महिने झालेले, म्हणजे महिन्याचे ४२ हजारही बंद, आणि थीसिस अर्धवट. एका हाताला जर्मनीतली पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची काही वर्षांपुरती संशोधनाची जागा, दुसऱ्या हाताला हैदराबादच्या औषध कंपनीतल्या प्रोसेस विभागाची ऑफर. उत्तर द्यायला तीन आठवडे. झोप उडालेली.

पहिली भेट हिशोबातच गेली. हिशोब चोख होता. कॉलेजात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, आयसरसारख्या केंद्राच्या विज्ञानसंस्थेत लाखाच्या वर. पण जागा निघणार कधी? त्याचे दोन सीनियर पीएचडी आणि सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) दोन्ही पदरात असून तासिका तत्त्वावर शिकवत होते. सगळं ऐकून मी विचारलं, “एवढं माहीत आहे, तरी ठरत का नाही?”

“कारण मला शास्त्रज्ञच व्हायचं होतं, मॅडम.”

मी ज्या मुशीत तयार झाले तिथे या ‘च’वर फार बारीक नजर ठेवतात. ‘शास्त्रज्ञ व्हायला आवडेल’ ही इच्छा. तिला ‘च’ चिकटला की ती अट होते, आणि अट मोडली की माणूस स्वतःला नापास करून मोकळा होतो.

“आणि कंपनीत गेलास तर कोण होशील?”

बराच वेळ खिडकीकडे बघत बसला. मग म्हणाला, “पळपुटा.”

हा शब्द त्याला कोणी तोंडावर ऐकवला नव्हता. पण लॅबमधला कोणी कंपनीत लागला की चहाच्या टपरीवर ‘गेला बिचारा’ म्हणायचे, आणि तोही म्हणायचा.

मी त्याला घरचा अभ्यास दिला : दोन माणसांचा मंगळवार लिहून आण. एक तुझ्या सरांचा, एक कंपनीत पाच वर्षं काढलेल्या सीनियरचा. (पहिल्या वर्षातल्याला विचारू नका, तो नव्या नवलाईत असतो.) मंगळवार अशासाठी, की त्या दिवशी ना सोमवारचा जोर असतो ना शुक्रवारची सुटका.

सरांचा मंगळवार : सकाळी लेक्चर, मग जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर अडकलेली खरेदी, अनुदान कुठे खर्चलं याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, विद्यार्थ्यांचे ड्राफ्ट, रात्री नवं प्रपोजल. फ्युम हूडसमोर, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाला, शून्य मिनिटं. सीनियरचा मंगळवार : सकाळी सेफ्टी मीटिंग, नंतर बॅचमध्ये उगवलेल्या एका अशुद्धीचा माग, दुपारी कळलं की तीन महिने चालवलेलं प्रोजेक्टच वरून बंद. पेपर नाही, कुठे बोलायची सोय नाही. साडेसहाची बस.

“कुठला लिहिताना हात शिवशिवले?”

यावर तो जे बोलायला लागला, ते थांबेचना. चौथ्या वर्षी एक स्टेप फक्त १२ टक्के यील्ड देत होती, म्हणजे हवा तो पदार्थ तेवढाच हाती लागायचा. सॉल्व्हंट बदलला, तापमान उतरवलं, थेंब टाकायचा वेग कमी केला. दोन महिने तेच धरून बसला आणि ६८ वर नेलं. पेपरच्या पुरवणीत त्याला एक ओळ मिळाली. “माझ्या अख्ख्या पीएचडीतली तीच माझी आवडती ओळ आहे.”

मी पेन खाली ठेवलं. मला केमिस्ट्री कळत नाही, पण माणसाचा आवाज कधी मोकळा होतो ते कळतं.

“हेच काम करणाऱ्याला काय म्हणतात?”

“प्रोसेस केमिस्ट.”

“तो शास्त्रज्ञ नसतो?”

तो हसला. मग त्यानेच मला डॉ. ए. व्ही. रामा राव सांगितले : आधी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), पुढे हैदराबादच्या आयआयसीटी या रसायन संशोधन संस्थेचे संचालक. एड्सवरचं एझेडटी हे औषध बनवायची पद्धत तिथे बसली आणि सिप्लाने ती बाजारात नेली. एनसीएलमध्येच पीएचडी केलेल्या अंजी रेड्डींनी १९८४ मध्ये स्वतःची औषध कंपनी काढली. “यांना कोण पळपुटं म्हणेल?” हे तो मला विचारत होता! असे क्षण रोज येत नाहीत. आले की मी गप्प बसते, हे मात्र मला आता चांगलं जमतं.

इतक्या वर्षांत मला दिसलंय ते असं, की निवडायचं असतं काम, पण पाऊल अडतं दारावरच्या पाटीपाशी.

म्हणून हाच मंगळवार सगळ्यांना हैदराबादला नेत नाही. त्याच महिन्यात आलेल्या एका प्राणिशास्त्रवालीने बायोटेकची नोकरी नाकारली. सरांच्या मंगळवारातलं रात्रीचं प्रपोजल वाचून तिचे डोळे चमकले होते. स्वतःचा प्रश्न स्वतः निवडायची तिला भूक होती. अशांनी पोस्टडॉकला जरूर जावं, पण किती वर्षं ते विमानात बसण्याआधी कागदावर लिहून. इन्स्पायर फॅकल्टीसारख्या, तरुण संशोधकांसाठीच्या सरकारी योजनेला साधारणतः ३२ वर्षांची अट असते, काहींना सवलत मिळते. वय आपल्या मंथनासाठी थांबत नाही. कंपनीत जाणाऱ्यांनीही आधीच विचारावं : पेपर काढू देता का, पेटंटवर नाव येतं का? कारण पाच वर्षं काही छापलं नाही तर परतीची वाट अवघड होते. घरच्यांना ‘बघू’ म्हणून टांगून ठेवू नये. किती रुपये, कधीपासून, एवढं सांगितलं की आईवडील बरंच समजून घेतात. आणि सोडलेल्या वाटेबद्दल थोडं वाईट वाटलं तर वाटू द्यावं. त्यावर उपचार नको.

त्याने हैदराबाद घेतलं. उरली सरांना सांगायची धास्ती, जी इतके दिवस छातीवर होती. आम्ही दोनदा तालीम केली, मी सर झाले, भरपूर रागावले. तो गेला, आणि संध्याकाळी फोन आला.

“काय म्हणाले सर?”

“म्हणाले, ‘बरं. तिसरं चॅप्टर शुक्रवारपर्यंत दे.’”